काकांनी सांगितलं

गुजरातेत कडोदऱ्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये मी मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा आधीचे साहेब नोकरी सोडून गेलेले होते. शिकवायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. शेठनी सहा महिन्यांची मुदत दिली होती. जमलं तर कायम, नाहीतर रामराम.

वडिलांचा एकच सल्ला होता: मिलमध्ये आपली अहिराणी बोलू नकोस, लोक कारीगर समजतील. ते स्वतः जन्मभर लूमवर उभे राहिलेले, म्हणून मी ऐकलं. सगळ्यांशी साहेबी हिंदी. आमचे निम्मे कारीगर खानदेशातले. साहेबाला काय कळतंय, म्हणून ते माझ्यासमोरच अहिराणीत मला मनसोक्त नावं ठेवत. माझी चाल, माझे नवे बूट, काही सुटलं नाही. राग यायचा, पण शिव्या इतक्या अस्सल, की हसू दाबताना दोनदा जीभ चावली.

पाचव्या महिन्यात कापड वाळवायचं मोठं यंत्र रोज बंद पडू लागलं. मी पॅनल उघडलं, मोटर बदलली, पण गंगेत घोडं काही न्हाईना. नोकरी जाणार, हे दिसत होतं. अशातच त्या यंत्रावरचे वयस्कर काका माझ्यादेखत शेजारच्याला अहिराणीत म्हणाले, की मागच्या पंख्याची बेअरिंग गेलीय, नुसता हात लावला तरी कळतं. पण सांगणार कोण? आधीच्या साहेबाने सांगणाऱ्यावरच खापर फोडलं होतं.

मी बेअरिंग बदलून घेतली. यंत्र सुरळीत चाललं. शेठनी सगळ्यांसमोर पाठ थोपटून विचारलं, दोष सापडला कसा? फुकटची शाबासकी खिशात घालायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण काका समोरच उभे होते. लाज वाटली.

“काकांनी सांगितलं,” मी म्हणालो.

काका घाबरले. आपण साहेबांशी बोललोच नाही, असं हात जोडून सांगू लागले.

“काका, माले समदं समजस.”

कारीगर एकमेकांकडे बघू लागले. पाच महिन्यांत कोण काय बोललं, ते जो तो आठवत असणार. गुजराती शेठना त्यातलं काहीच उमगलं नाही; ते काकांचीही पाठ थोपटून निघून गेले.

मग काकांनी माझं मनगट धरलं आणि तळहात पंख्याच्या बेअरिंगवर टेकवला. चांगली बेअरिंग हाताला कशी लागते, ते आधी शिक म्हणाले. आणि वर बजावलं, “आते तुले तोंडवर शिव्या देसूत.”

मी कायम झालो ते त्या क्षणी. शेठचं पत्र नंतर आलं.