बालीगंजच्या फ्लॅटमधलं गेमचं कपाट

घरात सुतारकाम निघालं की भुसा एकदाचा झाडून होतो, किस्से मात्र कोपऱ्याकोपऱ्यातून महिनोन्‌महिने निघत राहतात. आमच्याकडे तर एकच कपाट झालं, तेही गेमचं!

म्हणजे मॉलमध्ये उभं राहून, दांडा हलवत खेळतात ना, तसलं मशीन. निखिलची बँकेत बदली झाली आणि आम्ही नाशिकहून कोलकात्याला आलो. सहा वर्षांची आमची इरा दाराबाहेर पडली की मुकी. चार महिने! टीचर कौतुकानं म्हणाल्या, "व्हेरी गुड गर्ल, आवाजच नाही." घरी येऊन मी रडले.

निखिल म्हणाला, "दोन जॉयस्टिकचं मशीन बनवू. बिल्डिंगमधली पोरं येतील."

"मूल बोलत नाही म्हणून त्याला स्क्रीन आणून देणारे आपण पहिलेच आईबाप!" मी म्हटलं. पण माझ्याकडे तरी दुसरा उपाय कुठे होता?

*

सुतार बिशूदांना निखिलनं चित्र काढून दिलं. उंच खोका, वर छप्पर, आत दिवा, पुढे काच. आठ दिवसांनी कपाट आलं, तर माथ्यावर सुरेख कोरलेला शंख!

बिशूदांनी चपला दाराबाहेर काढल्या, कपाट भिंतीशी टेकवलं आणि हात जोडून विचारलं, "दीदी, ठाकुर कब बैठेंगे?" इथे देवाला ठाकूर म्हणतात.

निखिलनं ऑफिसातला जुना मॉनिटर दाखवला. "ये बैठेंगे."

शंख मात्र राहिला. काढा म्हणायचा धीर कुणाला?

*

बटणांची उंची चुकली ती माझ्यामुळे. इराचं माप मी दिलं. फ्रॉकला देते तसंच, वाढत्या अंगाचं! बटणं थेट तिच्या कपाळाशी आली.

"छान," निखिल म्हणाला, "दहावीत गेली की खेळेल."

तेव्हापासून ती पाटावर उभी राहून खेळते.

*

वायरिंग झाल्यावर मी रबरी चपला घालून, टेस्टर घेऊन एकेक स्क्रू तपासला.

"अगं, बटणांत फक्त पाच व्होल्ट आहेत!"

"पाच म्हणजे थोडे का?"

*

जॉयस्टिक उलटी बसली होती. डावीकडे ओढली की विमान उजवीकडे! इरानं तक्रारीचा चकार शब्द काढला नाही, तीन दिवसांत उलटंच खेळायला शिकली. निखिलनं ती सुलटी केली, तर बिचारी हरायला लागली. तरी गप्प!

"अगं, भांड तरी बाबाशी!" मी म्हटलं.

*

शनिवारी वरच्या मजल्यावरची मिष्टी पहिल्यांदाच खेळायला आली. मी घरात असले की इरा माझ्यामागे लपते, म्हणून कामाच्या मावशींना बसवून आम्ही दोघं मुद्दाम बाजारात गेलो. तासभर मी वांगी निवडत होते. एकही घेतलं नाही.

परतलो. निखिल खाली स्कूटर लावत होता. जिन्यात मिष्टीची आजी, लालबुंद.

"आपका लड़की कितना चिल्लाता है! ऊपर तक सुनाई देता है! हमारा मिष्टी को मुँह खोलने नहीं देता!"

मी रिकामी पिशवी तिथेच पायरीवर ठेवली. "माशिमा, सच?"

"हम क्या झूठ बोलेगा?"

मी कठड्यावरून वाकून ओरडले, "निखिल, लवकर वर ये!"

तो धापा टाकत आला. मी आजींचा हात घट्ट धरला.

"माशिमा, इनके सामने फिर से बोलिए ना. शुरू से!"