गुलाबाच्या डीपीमागच्या बाई

शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्यांसारखे किस्सेही साचतात. वह्या निदान तपासून परत तरी करता येतात, किस्से मेले कोणी परत न्यायला येत नाही! आमच्या नाशिकच्या शाळेतले हल्लीचे किस्से सगळे मोबाईलमधलेच.

नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि स्टाफच्या ग्रुपवर पार गोंधळल्या. सगळ्या सरांच्या डीपीत गॉगल लावलेले स्वतः सर. बायकांच्या डीपीत गणपती, मुलं, सूर्योदय. शेवटी मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "यातलं गुलाबाचं फूल कोण?"

गणिताच्या आहेर बाईंनी हळूच हात वर केला!

*

पी.टी.चे पवार सर रोज सकाळी पांडवलेणी चढतात आणि वरून सेल्फी टाकतात. लाइक कमी पडले की सरांचा चेहरा उतरतो आणि मुलांना मैदानाच्या दोन फेऱ्या जास्त! सातवी 'ब'ने हे बरोबर ओळखलं. आता पी.टी.च्या दिवशी अख्खा वर्ग आईच्या मोबाईलवरून सरांना लाइक देऊनच घरातून निघतो.

*

मी एकदा द्राक्षबागेतला माझा हसतानाचा फोटो टाकला. दहा मिनिटांत कळवणहून दिरांचा फोन. "वहिनी, काढून टाका तो. बरं नाय दिसत, लोकं पाहतात."

विहिरीत उडी मारतानाच्या ह्यांच्या उघड्याबंब फोटोखाली याच दिरांनी लिहिलं होतं, "वाघ!"

मी म्हटलं, "भाऊजी, लोकांनी पाहावा म्हणूनच टाकलाय!"

*

आहेर बाई मूळच्या नामपूरच्या. दात जरा पुढे, म्हणून हसताना कायम पदर तोंडाला. स्टाफचा फोटो असला की "मी काढते ना!" म्हणत मोबाईल स्वतःकडे घेतात. वीस वर्षांत एकाही फोटोत बाई नाहीत. मला याचं फार वाईट वाटायचं.

परवा सकाळी मात्र रिकाम्या वर्गात त्यांनी स्वतःचा फोटो काढला, चांगले दात दाखवून हसतानाचा, आणि स्टेटसला ठेवला. त्यांची समजूत अशी, की आपलं स्टेटस फक्त आपल्यालाच दिसतं!

मधल्या सुट्टीत पालकांचे मेसेज धडाधड यायला लागले, तशा बाई घामाघूम होऊन आल्या. "पवार सर, आधी हे काढून टाका! आता वर्गात कशी जाऊ मी?"

सर मोबाईल हातात घेणार, तोच तो वाजला. नामपूरहून बाईंची आई. तिने नातवाच्या मोबाईलवर फोटो पाहिला होता. म्हातारीचा अहिराणीतला आवाज अख्ख्या स्टाफरूमला ऐकू गेला, "माय व! कितली देखणी शे मनी पोर!"

बाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला, डोळे पुसले आणि तासाला गेल्या. भरून मलाच आलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई पुन्हा तशाच घामाघूम, थेट पवार सरांसमोर.

"सर, खरं सांगा, माझा फोटो कोणी काढून टाकला?"