आमदारांनी आमच्या गावासाठी काय मागितलं

मंडळी, आज परभणीला कलेक्टर कचेरीत जाऊन आलो. आमदारांनी कोणत्या गावासाठी कोणतं काम मागितलं, त्याची यादी आता कुणालाबी बघता येते. आमच्या गावापुढं लिहिलंय, 'स्वागत कमान'!

आमी चार वर्षं मागायलोय स्मशानाच्या वाटेवरचा पूल. साहेब दरवेळी म्हणायचे, "मी पत्र दिलंय, वरूनच मंजुरी न्हाई."

तिथूनच त्यांच्या कार्यकर्त्याला फोन लावला. तो हसला. "काका, कमान बी गावालाच हाय की!"

मागच्या आठवड्यात शेजारची रुक्माबाई वारली. तिची तिरडी कमरेएवढ्या पाण्यातून नेली. तिच्या लेकाला मीच समजावलं होतं, "साहेबांनी पूल मागितलाय, धीर धर."

साहेब, गावाच्या तोंडाला पानं पुसलीत, वर मलाबी लबाड ठरवलंत.

आता ती यादी घेऊन रुक्माबाईच्या लेकाच्या दारात चाललोय. तुमच्या गावाच्या नावानं काय मागितलंय, बघितलं का कुणी?