वाढदिस पोराचा हाय का तुमचा?

"वाढदिस पोराचा हाय का तुमचा?"

मुलासाठी वाढदिवसाचं कार्ड घ्यायला आलेल्या प्रत्येक आईबापाला आमचे शेजारी चष्मा कपाळावर सरकवून हेच विचारायचे. विश्रामबागेत माझा फोटो स्टुडिओ आणि त्याला लागून त्यांचं कार्डांचं दुकान. गृहस्थ मूळचे शिराळ्याचे. उभी हयात सांगलीत गेली, पण जिभेवरचं शिराळं उतरलं नाही, आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं म्हणजे त्यांना शिक्षाच.

मुलांची न खपलेली कार्डं त्यांनी कधी टाकली नाहीत. दुपारी दुकान रिकामं असलं की ती काउंटरवर मांडून बसायचे.

"बगा फोटोवाले. ह्यातलं पोरगं चिखलात खेळतंय. ह्यातलं सतरंजीवर बसलंय. हे सोफ्यावर. आन् हे नवं बगा, ह्यात पोरगंच न्हाई! नुसतं कार्टून."

मी उसासा टाकला. "आपलं बालपण किती छान होतं हो!"

"तुमाला कवा कार्ड आलं हुतं?"

"नाही."

"मग उसासं कशाला टाकताय?"

एकदा पुण्याचं एक जोडपं आलं. सासुरवाडी इथलीच. मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला म्हणे 'जुनं बालपण' अशी सजावट करायची होती, म्हणून सगळी जुनी कार्डं भिंतीवर चिकटवायला हवी होती. ज्याचं बालपण चालू होतं तो बाहेर गाडीत, काचा वर करून, मोबाइलमध्ये बुडालेला.

"त्याला आणा," आमचे शेजारी म्हणाले. "त्यो निवडंल ते एकच मिळंल."

मुलाला आणलं. त्यानं नेमकं गाणारं कार्ड उचललं. उघडलं तर आवाज नाही. आतला सेल केव्हाच संपलेला. मुलानं भोकाड पसरलं. आई घाईघाईनं मोबाइल पुढं करू लागली. तेवढ्यात, ज्यांना मी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं, त्या माणसानं कार्ड तोंडासमोर धरून उघडलं आणि फाटक्या आवाजात वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. मिटलं की गप्प. उघडलं की पुन्हा सुरू. मुलगा रडायचं विसरला. मग कार्ड हिसकावून घेऊन स्वतःच उघडमीट करू लागला, आणि हे इमानानं गात राहिले.

"काका, परत एकदा ना! व्हिडिओ घ्यायचा राहिला," आई म्हणाली.

"कार्ड मिटलंय," काका म्हणाले.

जन्मभर वाढदिवस विकणाऱ्या या माणसाचा स्वतःचा वाढदिवस एक जून, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी ठोकून दिलेला. खरा कुणालाच माहीत नाही. "आई म्हनायची, बेंदराच्या आगंमागं झालायस. तेवढं बास की."

पुढं तब्येत ढासळली तसं मुलीनं त्यांना वडूजला नेलं. दुकान आवरताना मी तिच्याकडून एक कार्ड मागून घेतलं आणि बेंदराला, बैलांच्या त्या सणाला, वडूज गाठलं. त्यांचा तो शेवटचा बेंदूर. वाकळ गळ्यापर्यंत ओढून पडले होते. मी कार्ड हातात दिलं.

"आमचाच माल आमाला व्हय?" ते कुरकुरले. मग चष्मा लावून चित्र न्याहाळत राहिले. बर्फात उभा असलेला एक गोरा मुलगा, हातात फुगा.

"कसली आईबापं म्हनायची ही," ते म्हणाले. "नुसत्या सदऱ्यावर पोराला बर्फात हुबं केलंय."

आणि कार्ड हळूच वाकळेत ओढून घेतलं.