थंड पाण्यात धुतलेला शर्ट

हिवाळ्यात बादलीत कढत पाणी ओतलं आणि त्यात साबणाची वडी पडली, की त्या वासासरशी मला नाशिकच्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचं अंगण आठवतं. मोर्चावरच्या गोळीबारात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, सकाळी, मी तिथे एक सादरीकरण करत होते. तोंडातून अवाक्षर न काढता, लाल रंगाने माखलेला पांढरा शर्ट तासभर धूत राहायचं, एवढंच. पाणी मुद्दाम कढत घेतलं होतं, थंडीत वाफ छान दिसते म्हणून. माझे हात भाजत होते, आणि खरं सांगायचं तर त्या भाजण्याचाही मला जरा अभिमान वाटत होता. तेवढ्यात मनमाडहून आलेल्या एक आजी सतरंजीवरून उठल्या. त्यांचा मुलगा त्याच गोळीबारात गेला होता. माझ्याजवळ उकिडवं बसून त्या हळूच म्हणाल्या, "बाई, रक्ताला गरम पाणी नाय लावायचं, डाग बसतो. थंड पाण्यात धुवायचं." माझे हात थांबले. "त्याचा शर्ट मी तसाच धुतला. पार पांढरा केला. मग चौकशीवाले पुरावा मागायला आले, तर मी धुतलेला शर्ट घडी करून त्यांच्या हातात दिला." त्यांनी माझ्या हातातला शर्ट काढून घेतला आणि न पिळताच दोरीवर टाकला. "हा नको धू. राहू दे." तो शर्ट अजून माझ्या कपाटात आहे. रंग खोटा आहे, दुकानातून आणलेला. तरी तो धुवायला माझं मन धजत नाही.