सासूबाईंचं अपील

माझ्या सासूबाईंनी सरकारी अधिकाऱ्यांवर दावा लावला तो एका वाटेपायी. आमचं घर पनवेलजवळ कोन गावात. घरामागून ही वाट थेट आमच्या वालाच्या शेतात जायची. नव्वद साल उलटून गेलं होतं, आजूबाजूच्या जमिनींची मोजणी चालू होती. एक दिवस दोन अधिकारी आले, वाट सरकारी जागेत येते म्हणाले आणि तिच्यावर काटेरी तार ओढून निघून गेले.

शेतात जायला दुसरी वाट होती, पण ती सासूबाईंच्या धाकट्या जावेच्या, म्हणजे काकूंच्या अंगणातून. काकू आणि सासूबाई एका लग्नातल्या मानाच्या साडीवरून कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"तिच्या दारातून मी रोज जाऊ? त्यापरीस सरकारशी भांडेन," सासूबाई म्हणाल्या, आणि खरंच भांडल्या.

माझा नवरा फोर्टात नोकरीला. कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर एकच, "बघू." मी नवीन पनवेलच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सासूबाईंबरोबर कोर्टात जाणं माझ्याकडे आलं. वकिलांनी पनवेलला दावा लावला, तारखांमागून तारखा पडल्या आणि शेवटी दावा फेटाळला गेला. वाट कोणाची, हा प्रश्न निघालाच नाही. अधिकाऱ्यांवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, ती दिलेली नव्हती.

"नोटीस नाय?" सासूबाई कोर्टाच्या पायरीवरच कडाडल्या. "तार बांधत व्हते तवा किती बोंबलले मी! आख्ख्या गावाला आयकू गेलं, त्या दोघांनाच नाय?"

"आजी, ती तोंडी झाली," वकील खाली मान घालून म्हणाले. नोटीस द्यायची राहिली होती ती त्यांच्याकडूनच. "पण त्यांच्या वकिलानंही आपल्या जबाबात नोटिशीचा मुद्दा काढला नव्हता. नोटीस मागायचा हक्क त्यांचा, तो त्यांनीच सोडला. आपण अपिलात जाऊ."

सासूबाईंना त्यातून एवढंच कळलं की दोन्हीकडचे वकील सारखेच विसरभोळे. पण अपील करायला त्या तयार झाल्या.

अपील अलिबागच्या जिल्हा न्यायालयात. पहिल्या तारखेला मी गेले. पुढच्या तारखेला शाळेत परीक्षा होती. नवरा म्हणाला, "बघू."

इकडे सासूबाईंना शेतात जायला काकूंच्या अंगणातूनच जावं लागत होतं. डोक्यावर पदर, नजर समोर, पायात जरा जास्तच घाई. नेमका त्याच वेळी काकूंना अंगण झाडायचं असायचं. एका सकाळी मीही सासूबाईंच्या मागे होते. काकू आपल्या कोंबडीला म्हणाल्या, "लोका अलिबागला जातान, न बरोबर डबा पन नाय नेत."

सासूबाई थबकल्या. त्याही कोंबडीलाच म्हणाल्या, "यवडी काळजी हाय तर बरोबर चल म्हनावं."

परीक्षेच्या त्या तारखेला शाळेत जाण्याआधी मी दोघींना पनवेलच्या एसटी स्टँडवर सोडलं. हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी. गाडी लागेपर्यंत दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा एकाच वेळी बोलत होत्या, अलिबागचा समुद्र, न्यायाधीशांचा चष्मा आणि त्या मानाच्या साडीचा रंग कसा बेकारच होता याबद्दल. त्यानंतर मला कोणी बोलावलंच नाही.

निकालाच्या दिवशी मात्र मी हट्टानं गेले. अपील मंजूर झालं.

"म्हंजी जिकलो?" काकूंनी विचारलं.

"अर्धं," वकील म्हणाले. "दावा पनवेलला परत जाईल. आता वाटेचा प्रश्न तिथे ऐकतील."

"मंग अलिबाग बंद?" दोघींचे चेहरे इतके पडले, तेवढा हरलेल्या सरकारी वकिलाचाही पडला नव्हता.

पनवेलला सुनावणी फार चाललीच नाही. बदलून आलेल्या नव्या अधिकाऱ्यानं फेरमोजणी करवली. वाट सरकारी जागेच्या बाहेर निघाली आणि तार काढली गेली.

त्या दिवशी शेंगा तोडायला आम्ही तिघी त्याच वाटेनं गेलो. काकू पुढे गेल्याचं पाहून सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "अलिबागला हिच्यासंगं पयल्यांदा गेले न नाव पुकारलं ना, तवा मी उठून भाईर पळनार व्हते. पन हिनं मागनं माजा पदर धरून ठेवलेला."