आवाहनातला नववा नियम

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या सगळ्या रुग्णालयाला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं मी तिथे डिस्चार्ज कार्डं टाइप करते. जड उचलू नये, टाके ओले करू नयेत, ताप आल्यास वाट पाहू नये, असली वाक्यं माझ्या बोटांत बसली आहेत. काय करू नका हे सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही. म्हणून आमच्या मंडळात काहीही लिहायचं निघालं की सगळे माझ्याकडे बघतात.

मंडळ म्हणजे एका जुन्या मालिकेच्या चाहत्यांचं. आम्ही लहान असताना टीव्हीवर लागायची. अंतराळातलं जहाज, त्याचा कप्तान, त्याची डॉक्टरीण, आणि दर आठवड्याला नवं संकट. बावन्न भाग झाले आणि बंद पडली. आता आम्ही पन्नाशीच्या आगेमागे आलो तरी खूळ काही जात नाही. वर्षातून एकदा शाळेचं सभागृह घेऊन आम्ही संमेलन भरवतो. दुपारी दोन तास चाहत्यांनी स्वतः बनवलेले व्हिडिओ पडद्यावर दाखवतो. कुणी मालिकेतली दृश्यं कापून गाण्यावर बसवतं, कुणी नुसत्या लढाया जोडतं, कुणी कप्तानाचं आणि डॉक्टरणीचं लग्नच लावून टाकतं. हे व्हिडिओ मागवायला दोन महिने आधी एक पानभर आवाहन काढावं लागतं. ते मी लिहिते. यंदाचं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता, माझा सख्खा भाऊ. त्याचा व्हिडिओ पुन्हा येऊ नये म्हणून मी ते पान लिहिलं. लपवून काय करू?

दादा चष्म्याच्या काचा घासतो. पुढे दुकान आहे, आरसे आहेत, फ्रेमा लटकवलेल्या आहेत. मागे एक खोली आहे, तिथे तो तीस वर्षं बसतोय. काच यंत्रावर धरायची, पाण्याच्या धारेखाली कडा घासायची, फ्रेम गरम करून तिच्यात बसवायची, मग ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटून बघायची. बाह्यांवर कायम पांढरट गाळ. गिऱ्हाईकांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. पुढचा माणूस सांगतो, "मागे टाकलाय, संध्याकाळी न्या." ते मागे म्हणजे माझा दादा.

लग्न केलं नाही. का, विचारलं तर म्हणतो, "राहून गेलं." छत्री आणायची राहून जावी तसं! बोलतो सावकाश आणि सगळं पहिल्यापासून. बस किती वाजता आहे विचारा, हा स्टॉपवर कोण कोण उभं होतं तिथून सुरू करणार. मी अर्ध्यातच तोडते, "दादा, मुद्द्यावर ये." तो मुकाट्यानं मुद्द्यावर येतो. एवढ्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवलेला आठवत नाही. दहावीला गणितात मी आपटले, तेव्हा वडिलांना सांगायला तोच गेला आणि माझ्या वाटची बोलणीसुद्धा तोच खाऊन आला.

आणि असल्या माणसाची मला लाज वाटली.

झालं असं, की गेल्या वर्षी त्याचं त्यानंच आवाहन वाचलं आणि व्हिडिओ पाठवला. मला एवढंच म्हणाला, "मंडळात मी तुझा भाऊ आहे हे सांगू नकोस हं, ठमे. वशिल्यानं घेतला असं व्हायला नको." माझं आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

संमेलनात त्याचा व्हिडिओ लागला तो अकरा मिनिटांचा. मालिकेत एक मेकॅनिक होता. बावन्न भागांत त्याला एक वाक्य नाही. कप्तान पुढे उभा राहून भाषण ठोकतोय आणि हा मागे फडक्यानं नळी पुसतोय. दादानं बावन्न भाग चाळून त्याची तेवढी दृश्यं एकामागे एक लावली होती, आणि वर स्वतःच्या त्या संथ आवाजात सांगत होता, "इथे फडकं डाव्या हातात आहे. मागच्या भागात त्याचा उजवा हात भाजला होता, म्हणून. हे कुणी लिहून दिलं नसणार, त्याचं त्यानंच केलं असणार."

पहिल्या मिनिटाला लोक हसले. दुसऱ्याला कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला मागच्या रांगा चहाला उठल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "कोण हो हा नग?"

"काय माहीत," मी म्हटलं आणि तिच्याबरोबर चहाला गेले.

दादा पुढून चौथ्या रांगेत बसला होता. मी त्याच्या बाजूनंच गेले. त्यानं ओळख सांगू नको म्हटलं होतं, ही पळवाट माझ्याकडे होती, आणि मी ती वर्षभर वापरली. पण तो काय म्हणून सांगत होता आणि मी काय म्हणून गप्प बसले, यातला फरक मला तेव्हाही कळत होता.

तर यंदाचं आवाहन. मी बसले आणि हात सुटला. व्हिडिओ चार मिनिटांच्या वर नसावा. स्वतःच्या आवाजात निवेदन नसावं. संगीत असावंच. भर मुख्य पात्रांवर असावा. एकसारखी दृश्यं सलग नसावीत. असे एकूण आठ नियम झाले, सगळे एका मापाचे, एकाच माणसासाठी शिवलेले. नाव कुठेच नाही. वाचणाऱ्याला वाटावं, काय शिस्तीची बाई आहे! मलाही तसंच वाटत होतं.

आमचे अध्यक्ष निवृत्त मास्तर आहेत, सगळे त्यांना कमांडर म्हणतात. त्यांना फोनवर वाचून दाखवलं तर खूश झाले. "झकास! आणि हो, त्या चष्मेवाल्यानं गेल्या वर्षी शेवटी काहीतरी घरगुती अर्पण-बिर्पण लिहिलं होतं. तेही बंद करा." मी लगेच नववा नियम घातला. व्हिडिओच्या शेवटी खासगी अर्पणपत्रिका नसावी. आवाहन गेलं. मंडळाच्या ग्रुपवर लोकांनी पसंतीचे अंगठे टाकले, कुणी लिहिलं, "अखेर कोणीतरी बोललं!" मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन. "सवड असेल तर दुकानावर ये. एक विचारायचंय."

जाताना मनात उत्तरं जुळवत होते. समितीनं ठरवलं, माझ्या हातात काही नव्हतं, वेळ कमी असतो. मागच्या खोलीत गेले तर तो यंत्र बंद करून माझ्यासाठी स्टूल पुसत होता. टेबलावर आवाहनाची छापील प्रत. प्रत्येक नियमापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण. नवव्यापुढे काही नाही.

"चांगलं लिहिलंयस," तो म्हणाला. "माझ्यात काय काय चुकलं ते एकेक कळलं. कुणी इतकं बारकाईनं सांगत नाही गं."

मी पंख्याकडे बघत राहिले.

"अकराची चार मिनिटं केली. माझं बोलणं काढलं, वाद्यांचं संगीत टाकलं. कप्तान पुढे घेतला. मेकॅनिक काय, मागे आहेच, तसाही तो मागेच असतो." तो स्वतःच हसला. "आठ नियम पाळले. नववा मात्र तुला विचारल्याशिवाय पाळायचा नव्हता. ती एक ओळ राहू दे का? तुला न विचारता लिहिली हे चुकलंच माझं. तुला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं झालं असेल, म्हणून तू नियम केलास, कळलं मला. पण आता विचारतोय ना. नाव तर घातलेलंच नाहीये."

मला काही उमगेना. "कसली ओळ?" मी म्हटलं. "काय लिहिलं होतंस?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण शब्द तोंडातून गेला होता.

दादानं माझ्याकडे बघितलं. काच बघताना बघतो तसं, एक डोळा बारीक करून. "तू वाचली नाहीस?"

खोटं बोलायची सवय आहे मला, थोडीफार सगळ्यांनाच असते. पण त्या स्टुलावर बसून जमेना. "नाही," मी म्हटलं. "मी हॉलमध्ये नव्हते. तिसऱ्या मिनिटाला चहाला गेले. शेजारच्या बाईनं विचारलं हा कोण, तर म्हटलं माहीत नाही. हे नियम... दादा, हे सगळे नियम तुझा व्हिडिओ पुन्हा येऊ नये म्हणून केलेत मी. आणि नववा कमांडरांनी सांगितला म्हणून."

त्यानं टेबलावरची पेन्सिल उचलली. मग म्हणाला काय? म्हणाला, "म्हणजे कमांडरांनी शेवटपर्यंत पाहिला तर!" आणि त्याला त्याचं खरोखर बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसत होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. ज्यानं नावं ठेवली त्यानं निदान पाहिला होता.

"काय लिहिलं होतंस, सांग ना."

"लहान बहिणीला, असं लिहिलं होतं. हा माणूस पहिल्यांदा तिला दिसला." तो पेन्सिल टेबलावर उभी-आडवी करत होता. "तू सात वर्षांची होतीस. आम्ही सगळे कप्तानाकडे बघत होतो. तू म्हणालीस, दादा, त्या मागच्या काकांना कोणी हाक का मारत नाही? तेव्हापासून मी त्याच्याकडेच बघत आलोय."

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. खूप ताण दिला डोक्याला, पण नाहीच.

"आता दाखव मला," मी म्हटलं. "तो अकरा मिनिटांचाच. इथेच बघते, सगळा बघते."

"आता नको गं." आवाजात राग असता तर मी भांडून मोकळी झाले असते. "आता तू लाजेखातर बघशील."

पुढून हाक आली, "तो प्रोग्रेसिव्ह चष्मा झाला का?" दादा "आणतो" म्हणाला, आणि उठता उठता त्यानं नवव्या नियमापुढेही पेन्सिलीनं खूण केली.

मी घरी येऊन नववा नियम काढला, बाकीचे आठही काढले, सुधारित आवाहन पुन्हा पाठवलं. कमांडरांना फोन करून सांगितलं की चष्मेवाले माझे सख्खे मोठे भाऊ आहेत. दादाला कळवलं, अकरा मिनिटांचा पाठव, ओळीसकट पाठव. त्यानं उत्तर दिलं, "बरं."

संमेलनात त्याचा व्हिडिओ सातवा लागला. मी त्याच्या शेजारी बसले होते, सगळ्यांना दिसेल अशी. व्हिडिओ चार मिनिटांचा होता. कप्तान पुढे, खाली छान संगीत, मेकॅनिक मागे, नीट बघितलं तरच दिसेल असा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमांडर लांबूनच मान डोलावत होते. दादाही हसून मान हलवत होता. पडदा काळा झाला. मी बघत राहिले, आता ओळ येईल, आता येईल. मग दिवे लागले आणि लोक चहाला उठले.